ज्याचा त्याचा आठवडा

प्रश्न चौदावा होता. त्याआधीच्या तेरा प्रश्नांना मी मुकाट उत्तरं देत आले होते: ॲलर्जी नाही, सिगारेट नाही, बाळंतपण एक, ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं, तेही दुर्बिणीतून. चौदावा असा की, तुम्ही आपला आवाज पेशासाठी वापरता का. पुढे दोन चौकोन. हाताने सवयीने ‘नाही’वर खूण केली आणि पेन काही वर उचललं जाईना. चौकोनात शाईचा ठिपका फुगत गेला. रेस्टनच्या त्या दवाखान्यात सगळं फिकट निळं होतं, खुर्च्या, भिंती, काउंटरवरच्या मुलीचा स्वेटर, आणि त्या निळ्यात माझा हा एवढासा काळा ठिपका. राजेश शेजारी फोनवर ऑफिसची मेल वाचत होता. मान वर न करताच म्हणाला, “सुमित्रा, फॉर्म आहे तो, निबंध नाही.” मी म्हटलं, “इथे विचारलंय, आवाज वापरता का.” “मग हो लिही ना.” “पेशासाठी, असं विचारलंय.” तेव्हा त्याने फोन मांडीवर ठेवला. “गेली एकोणीस वर्षं रामनवमीच्या आधी महिनाभर आपल्या घरात फोडणीला मिरची पडत नाही, तुला ठसका लागतो म्हणून. मला विचारशील तर पेशाच आहे तो. फक्त पगार नाही.” मी दुसऱ्या चौकोनातही खूण केली आणि फॉर्म तसाच, दोन्ही उत्तरांचा, काउंटरवर नेऊन दिला. त्या मुलीने तो न वाचता फाईलला लावला.

खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर होती. हर्नडनच्या ज्या कंपनीत मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासते तिथे माझ्या आवाजाला काही काम नाही. मीटिंगमध्ये मी निम्मा वेळ म्यूटवरच असते. आवाज लागतो तो वर्षातून चारदा, मराठी मंडळाच्या उत्सवांना. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, बास्केटबॉलच्या रेषांवर अंथरलेल्या सतरंज्या, मागे पेटीवर देवांग आणि तबल्यावर कुमारकाका, आणि मध्ये नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन मी. आधी तासभर पूर्वरंग, म्हणजे एखादं पद घेऊन त्याचं निरूपण. मग जरा थांबून उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट, गात गात सांगितलेली. नागपूरला आत्याबरोबर जाऊन जाऊन मी कीर्तन ऐकलं, मग तिथल्याच एका बुवांकडे शिकले, आणि इथे अमेरिकेत आल्यावर कोणीच करणारं नव्हतं म्हणून करू लागले. आता गळ्यात डावीकडे भिजवलेल्या हरभऱ्याएवढी एक गाठ आहे. सुईने तपासून झाली, कागदावर ‘संशयास्पद’ असं आलं. गाठीसकट अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायची, असं सर्जनबाई एप्रिलमध्येच म्हणाल्या होत्या, आणि सांगताना त्यांनी आपल्याच गळ्यावर करंगळी फिरवून दाखवलं होतं की इथून एक नस जाते, केसाएवढी, आवाजाची. बहुतेकांना काही होत नाही. काहींचा आवाज बसतो, काही महिन्यांनी येतो. आणि अगदी थोड्यांचा वरचा सूर जातो तो जातोच. बोलायला काही अडचण येत नाही, असंही म्हणाल्या, समजूत घातल्यासारखं. मी तारीख घेतली नाही. मेमध्ये मला कामासाठी व्हिल्नियसला जायचं होतं, आमच्या कंपनीची नवी टीम तिथे बसते, त्यांना आठवडाभर शिकवायचं होतं. आल्यावर बघू, असं मी म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर राजेश म्हणाला, “लोक हॉस्पिटलमधून युरोपला जायची स्वप्नं बघतात, तू हॉस्पिटल चुकवायला युरोपला चाललीस.” मंडळात मात्र कोणाला काही बोलले नाही. एकदा सांगितलं, की मग लोक गोष्ट ऐकत नाहीत, गळ्याकडे बघत बसतात.

लिथुआनियाची राजधानी म्हणून मी जे काही डोक्यात घेऊन गेले होते ते करडं होतं, का कोण जाणे. थंडी, सिमेंट, ओव्हरकोट. आणि उतरले ती लायलॅकच्या वासात. मेचा मध्य होता. ते जांभळे घोस कुंपणांवरून रस्त्यावर इतके वाकलेले की फुटपाथवरून जाताना माणसं डोकं बाजूला करत होती, रागाने नाही, घरातल्या टांगलेल्या कपड्यांखालून जावं तशी. चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे होते, देवापुढे निरांजनं लावून ठेवावीत तसे, शेकड्यांनी. व्हर्जिनियातही वसंत येतो, पण तो गाडीच्या काचेतून येतो. वुल्फट्रॅपच्या बाजूने जाताना दोन मिनिटं गुलाबी दिसतं आणि मग एक्झिट. इथे तो पायाखाली होता. दगडांच्या फटींतून पिवळी डँडेलियन उगवलेली, आमच्या कॉलनीत ज्यांच्यावर औषध मारलं नाही तर सोसायटीची नोटीस येते तीच, आणि इथे किल्ल्याची अख्खी टेकडी त्यांनी भरलेली, कोणी काही म्हणत नाही. मला उगीचच त्या फुलांच्या वतीने बरं वाटलं. तारांना लांब दांड्या लावून ट्रॉलीबस चालतात, वळणावर एखादीची दांडी निसटते, मग ड्रायव्हर खाली उतरतो, हातमोजे घालतो, दोरी ओढून दांडी परत तारेवर बसवतो, आणि आतली माणसं शांत बसून असतात. मी अशीच एकदा आत बसले होते. कोणी घड्याळ पाहिलं नाही. मीही मग पाहिलं नाही. दुपारी रूताने, म्हणजे तिथल्या टीमच्या प्रमुख मुलीने, मला बीटचं थंड सार खाऊ घातलं, इतकं गडद गुलाबी की चमचा घालायला संकोच वाटावा, आणि बाजूला गरम उकडलेले बटाटे. ती म्हणाली, उन्हाळा आला हे आम्ही कॅलेंडरवर बघत नाही, हे सूप आलं की ठरतं. मी तिला आंब्याच्या डाळीबद्दल सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान किंचित तिरकी करून. तिच्याकडे पाहून मला वाटलं, ही चांगली श्रोती आहे; आणि लगेच दुसरं असं वाटलं की मी माणसांकडे बघते तेव्हा आधी हेच बघते, कोण कसं ऐकतं, समोर बसलं तर कसं असेल. मला सगळं जग सतरंजीवर बसलेलं दिसतं.

माझं हॉटेल ‘पहाटेची वेस’ म्हणतात तिच्याजवळ होतं. वेस म्हणजे खरोखरची वेस, जुन्या तटबंदीतली, आणि तिच्या कमानीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, काचेची खिडकी असलेली देवघराएवढी खोली, आणि तिच्यात सोन्याने मढवलेली आई, ख्रिस्ती लोकांची. पायाशी चांदीची चंद्रकोर, भिंतीवर नवस फेडलेल्यांनी लावलेली, पत्त्यांतल्यासारखी चांदीची बदामं, हजारो. खालून रस्ता चालू. माणसं ऑफिसला चाललेली, हातात कॉफी, आणि कमानीखालून जाताना एखादा पुरुष टोपी काढतो, एखादी मुलगी चालता चालता छातीवर क्रूसाची खूण करते, थांबत नाही. मी पहिल्या दिवशी पाहिलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली. कॉलेजला सायकलवरून जाताना वाटेतल्या गणपतीला मी असाच एका हाताने नमस्कार करायची, दुसरा हात हँडलवर. अमेरिकेत देवाकडे जायचं म्हणजे ठरवून जावं लागतं, पार्किंग मिळेल का बघून. देव वाटेत भेटायचा राहिला, हे मला पंचवीस वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. त्या वेशीखाली उभी राहून मला काय मागावंसं वाटलं तेही सांगते. बरं वाटू दे, असं नाही. वरचा सूर राहू दे. गाठीचं काय ते तू बघ, पण सूर राहू दे. म्हटलं आणि माझी मलाच शरम वाटली. एवढं उत्तररंगात भक्तांनी निष्काम व्हावं म्हणून सांगते मी, डोळ्यांत पाणी आणून.

गुरुवारी ऑफिस आटोपून संध्याकाळी पायी येत होते. तिथे मेमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळे सहा म्हणजे दुपारच. एका लहानशा चर्चचं दार उघडं होतं आणि आतून गाणं येत होतं. ऑर्गन नाही, भव्य काही नाही, बायकांचं गाणं. मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. वीस-पंचवीस म्हाताऱ्या, दोन पुरुष, आणि पुढच्या रांगेत विटकरी रंगाची चपटी बेरे टोपी घातलेली, हातातली पर्स पोटाशी धरलेली एक ठेंगणी बाई उभी. ती एक ओळ म्हणायची, बाकीच्या सगळ्या तीन शब्दांचं एकच पालुपद म्हणायच्या. ती आईचं पुढचं नाव घ्यायची, पुन्हा तेच पालुपद. नामावळीच ती. भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि काय चाललंय ते सगळं कळत होतं. तिचा आवाज गोड नव्हता, सरळ होता, ताणून बांधलेल्या दोरीसारखा, तिच्यावर बाकीच्यांनी आपापले कपडे वाळत घालावेत. एकीचा सूर खाली, एक अर्धी मात्रा मागे, एक नुसतीच खोकत होती, आणि तरी सगळं मिळून एक होत होतं. मला वाटलं उठून पुढे जावं आणि तिच्या मागे साथीला उभं राहावं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की माझा हात गुडघ्यावर ताल धरून बसला आहे. आणखी काही वेळाने लक्षात आलं की तो हात थांबला आहे, मीही थांबले आहे, आणि मी काहीच करत नाहीये. तो उजेड, मेणाचा वास, दारातून येणारा लायलॅक, आणि ते पालुपद येतंय, जातंय. लहानपणी आत्याच्या मांडीला टेकून कीर्तन ऐकायची, सडा घातलेल्या अंगणात, उन्हाळ्याच्या दिवसांत. तेव्हा बुवा चुकले की बरोबर गायले हे मला कुठे कळत होतं. गोष्टीत राजा रानात निघाला की मीही निघायची. शिकायला लागले आणि ते गेलं. त्यानंतर मी एकही कीर्तन ऐकलेलं नाही, तपासलं आहे. बुवा इथे घाईत आले, ही तान उगीच, हा दृष्टांत जुना. ऑफिसमध्ये दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायची आणि देवळातही तेच. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण आणि दुसरं कीर्तन, हे मी दरवर्षी माईकवरून सांगते. पहिली पायरी मी कधी उतरले, मला आठवेना.

मग मी रोज गेले. दिवसभर शहर आणि संध्याकाळी ते. शनिवारपासून माझी सुट्टी होती. नदीकाठी चेरीची झाडं फुलून गेलेली होती, खाली पाकळ्यांचा गालिचा आणि त्यावर पाळणाघरातली मुलं एका दोरीला धरून चाललेली. विद्यापीठाच्या अंगणातून अंगणात जाणाऱ्या कमानी. एक चर्च बाहेरून साधं आणि आत छतभर पांढऱ्या चुन्यात घडवलेली माणसं, फळं, हत्तीसुद्धा, एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. संध्याकाळच्या आकाशात गरम हवेचे फुगे तरंगत गावावरून जायचे, इतके खाली की टोपलीतल्या माणसांनी हात हलवलेले दिसायचे, आणि खाली बाकांवर बसलेली माणसंही हात हलवायची, रोजची ओळख असल्यासारखी. मी राजेशला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, ‘सुंदर. डॉक्टरांना फोन केलास?’

शनिवारी माझ्या हातून ते झालं. तिथे मेमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यांवर म्हाताऱ्या बायका बादलीत घंटेच्या आकाराची बारीक पांढरी फुलं घेऊन बसतात, पानांत गुंडाळून त्यांच्या जुड्या विकतात. वास असा की मोगऱ्याची आठवण यावी. मी एक जुडी घेतली आणि चर्चमध्ये गेले. नामावळी संपली, सगळ्या क्षणभर थांबल्या, बेरेवालीने पर्समधून बाटली काढून पाण्याचा घोट घेतला. आता आमच्यात पूर्वरंग संपला की असंच होतं. कीर्तनकार थांबतो, मागे गजर चालू राहतो, आणि श्रोत्यांतलं कोणी उठून त्याला हार घालतं, बुक्का लावतं आणि पाया पडतं. माणसाच्या नव्हे, तो ज्या गादीवर उभा असतो त्या नारदाच्या. मी विचार केलाच नाही. उठले, मधल्या वाटेने सरळ पुढे गेले, ती जुडी त्या बाईच्या हातात दिली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. चर्चमध्ये जी काही खोकणारी होती तीसुद्धा थांबली. बाई घाबरली. तिला वाटलं मी चक्कर येऊन पडतेय. तिने पर्स बाकावर टाकली आणि दोन्ही दंडांना धरून मला वर ओढलं, म्हातारी असून ताकद केवढी. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी “नो, नो, आय ॲम फाइन” म्हणतेय, कानापर्यंत लाल झालेली. मग तिच्या ध्यानात फुलं आली. तिने फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि लहान मुलाला न्यावं तसं माझा हात धरून मला आईच्या मूर्तीपुढे नेलं. तिथे आधीच दहा-बारा जुड्या होत्या. माझी तिने माझ्याच हाताने त्यांत ठेवायला लावली. फुलं तिकडे द्यायची असतात, मला नाही, असं तिला सांगायचं होतं, आणि ते तिने न रागावता सांगितलं. परत येताना मला मागे जाऊ दिलं नाही. आपल्या शेजारी बसवलं. हॉटेलवर येऊन मी राजेशला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही. माझ्या गळ्यात हार पडतो तेव्हा मी तो काढून देवापुढे ठेवते खरी. किती वेळाने ठेवते, याचा मी विचार करत बसले.

रविवारी मी तिच्या शेजारी बसले, तिचं नाव ओना हे कळलं, आणि पालुपद माझ्या तोंडी बसलं. सोमवारी रूता म्हणाली, मीही येते, लहानपणी आजोळी जायचे मी या मेच्या प्रार्थनांना. आम्ही दोघी आत गेलो आणि मला धस्स झालं. पुढे ओना नव्हती. तिथे एक चाळिशीची, उंच, निळा रेनकोट घातलेली बाई उभी होती. ओना तिसऱ्या रांगेत बसली होती, टोपी मांडीवर घेऊन. रेनकोटवालीने फार वर सूर धरला. दुसऱ्या ओळीलाच तिला कळलं की आपण वर धरलाय, पण आता उतरायचं कसं ते कळेना. मी ओनाकडे बघत होते. तिची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर टकटक करू लागली, लय सावरून द्यायला, अगदी हळू. आणि मग तिने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि दोन्ही हात मांडीवर टोपीखाली घातले. एवढंच. त्यानंतर ती बाकीच्यांच्या बरोबरीने पालुपद म्हणत राहिली. पण मी सबंध अर्धा तास काही ऐकलं नाही. मी आख्यान रचत होते. बाईंचा आवाज गेला असणार. डॉक्टरांनी बंद केलं असणार. किंवा या नव्या बाईने जागा घेतली असणार, फादरला सांगून. आणि एवढी वर्षं गायलेली ही बाई आज तिसऱ्या रांगेत कशी बसली असेल, काय होत असेल तिला. पदंसुद्धा सुचली, कुठे कोणता राग घ्यायचा तेही. बाहेर आल्यावर मी रूताला म्हटलं, त्यांना विचार ना, आज का नाही गायल्या. रूताने विचारलं. ओनाने एका वाक्यात उत्तर दिलं आणि घड्याळ बघितलं, तिची ट्रॉलीबस यायची होती. रूता म्हणाली, “तिचा आठवडा संपला. इथे चौघी-पाचजणी आहेत, प्रत्येकीचा एकेक आठवडा असतो. आजपासून हिचा.” मी म्हटलं, “एवढंच?” रूताने ते विचारलं नाही, तिला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. ओनाने माझ्या गालाला हात लावला, काहीतरी म्हणाली आणि बस पकडायला चालू लागली, वयाच्या मानाने भराभर. काय म्हणाल्या, मी विचारलं. रूता म्हणाली, “नवीन बाई वर धरते, पण चार दिवसांत उतरेल.”

दवाखान्यात माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी मनाने त्या फुटपाथवर उभी होते, लायलॅकखाली. आत सर्जनबाई, तरुण, हातावर शाईने काहीतरी टिपून ठेवलेलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, गाठ दाखवली, मग विचारलं, “तुम्ही गाता?” मी सांगायचा प्रयत्न केला. गोष्ट असते, गाऊन सांगायची, मध्ये निरूपण, दोन तास उभं राहून. त्या म्हणाल्या, “दोन तास? एकट्या?” मी म्हटलं, “एकटीच.” “आणि तुम्ही आजारी असलात तर?” राजेशने माझ्याकडे पाहिलं. एका गोकुळाष्टमीला एकशे दोन ताप असताना मी उभी राहिले होते; मंडळात अजून सांगतात ते, कौतुकाने, आणि मीही कौतुकानेच ऐकते. सर्जनबाई म्हणाल्या, जूनच्या एकोणीसला माझ्याकडे जागा आहे, नाहीतर एकदम ऑगस्टचा शेवट. तुमच्या जागी मी असते तर थांबले नसते, असंही म्हणाल्या. माझ्या मनात गोकुळाष्टमी उभी राहिली, ऑगस्टच्या मध्यावर, विसावं वर्ष. मंडळाने बॅनर करायला टाकलं होतं. ऑगस्टअखेर ऑपरेशन म्हणजे ते कीर्तन पूर्ण होतं, हार पडतो, मग काय व्हायचं ते होवो. एवढ्यासाठी मी सहा आठवडे टाळले होते, हे मला त्या निळ्या खोलीत अगदी स्वच्छ दिसलं. राजेशने माझी पर्स माझ्या मांडीवरून घेऊन आपल्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, “जून एकोणीस.” सर्जनबाईंनी विचारलं, “आवाजाबद्दल काही प्रश्न?” मी म्हटलं, “परत आला नाही तर?” त्या म्हणाल्या, “तर मी तुमच्याबरोबर बसून पुढचं बघेन. खोटं सांगणार नाही.” मला त्या आवडल्या.

पार्किंगमध्ये येऊन मी शिवांगीला फोन लावला. शिवांगी नागपूरचीच, बत्तीस वर्षांची, माझ्याकडे चार वर्षं शिकते; प्रतिमा तिच्या मागून शिकायला आली. पूर्वरंग तिचा चांगला होतो. उत्तररंग मी तिला कधी दिला नाही. अजून गोष्ट पोटात मुरलेली नाही, असं मी देवांगला सांगते, कुमारकाकांनाही सांगते, आणि ते माना डोलावतात. फोन उचलताच म्हणाली, “बोला मावशी, मी जिन्यात आलेय, मीटिंग चालूये आत.” मी सांगितलं, गाठ, एकोणीस तारीख, सगळं, पाच वाक्यांत. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही आधी का नाही बोललात.” आणि रडायला लागली. मी म्हटलं, “रड नंतर. गोकुळाष्टमीचं पूर्ण कीर्तन तुझं. दोन्ही अंगं.” “यार, मावशी, नाही होणार माझ्याच्याने. उत्तररंग मी कधी केला नाहीये. तुमच्या विसाव्या वर्षाला लोक तुम्हाला ऐकायला येणारेत, मला काय ऐकतील ते.” “बॅनर बदलता येतं.” “आणि तुम्ही कुठे असणार?” “सतरंजीवर. बुधवारच्या शिकवणीत मी बसवून देईन, असं समजू नकोस. आख्यान तू निवड. मला आधी सांगायचंही नाही. आणि पुढच्या रामनवमीला माझा आवाज परत आला असला तरी ती प्रतिमाची. ती दोन वर्षं विचारतेय.” हे शेवटचं मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं, आणि गेल्यावर परत घ्यावंसं वाटलं, लपवत नाही. राजेश ड्रायव्हरच्या सीटवर स्टिअरिंगला हात लावून बसला होता, गाडी चालू न करता.

शिवांगी म्हणाली, “मावशी, कृष्णजन्माच्या आधीचं ते माझं बसवलेलं पद आहे ना, त्यातच मी अडकते. ऐकता का? इथे जिन्यात घुमतंय पण.” मी म्हटलं, म्हण. तिने घसा साफ केला. कोणीतरी जिन्याचं दार उघडलं, सॉरी म्हणालं, दार लागलं. मग ती गाऊ लागली, दबक्या आवाजात, ऑफिसच्या त्या सिमेंटच्या जिन्यात. सूर तिने वर धरला होता. दुसऱ्या ओळीला तिलाही ते कळलं, मला कळलं की तिला कळलंय, आणि माझ्या जिभेवर ते आलंच होतं, शिवांगी, खाली घे, अर्धा सूर. मी तोंड मिटून घेतलं. ती अडखळली, थांबली, पुन्हा तीच ओळ घेतली, आणि तिसऱ्या वेळी कशी कोण जाणे, एका वेगळ्याच वाटेने, जी मी तिला शिकवली नव्हती, खाली उतरली. तुरुंगात देवकी बसली होती. बाहेर पावलांचा आवाज होता. मी गाडीची काच वर केली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि पुढे काय होतं ते ऐकत राहिले.